सिकलसेलचा रिपोर्ट हातात आला, आता पुढे? सरकारी सेवा कुठे आणि कोणत्या क्रमाने मिळवायच्या

सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात रक्ताच्या लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात. त्याच्या रुग्णासाठी महाराष्ट्रात सरकारी सोयी कमी नाहीत. तपासणी फुकट, गोळ्या फुकट, रक्त फुकट, उपचारासाठी एसटीचा प्रवास फुकट. दहावी-बारावीला जादा वेळ मिळतो, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर महिन्याचं अनुदानही मिळू शकतं. अडचण अशी की हे सगळं एका खिडकीवर मिळत नाही. गोळ्या आरोग्य खात्याकडे, अनुदान तहसील कचेरीत, सवलत एसटी आगारात, परीक्षेचा वेळ शाळेमार्फत बोर्डाकडे. आणि एका खिडकीतल्या माणसाला शेजारच्या खिडकीवर काय मिळतं हे बहुधा ठाऊक नसतं. म्हणून हा लेख खिडक्यांच्या क्रमाने लिहिला आहे. पहिला कागद नसेल तर पुढची खिडकी उघडत नाही, हे ध्यानात ठेवून तो वाचा.

थोडी पार्श्वभूमी. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली आणि नागपुरातली नोंद १९५८ची. म्हणजे विदर्भात हा आजार वैद्यकाला माहीत होऊन साठ वर्षं उलटून गेली. राज्याचा स्वतंत्र नियंत्रण कार्यक्रम मात्र २००८-०९ मध्ये सुरू झाला. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात १७ राज्यांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आणि निर्मूलनासाठी २०४७ हे साल धरलं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, नंदुरबार, धुळे, पालघर हा आपल्याकडचा मुख्य पट्टा. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा या समाजांत आजार आहेच. विदर्भात बौद्ध, तेली, कुणबी घरांतही तो मोठ्या प्रमाणात आहे. ‘हा आदिवासींचा आजार’ असं म्हणून कोणी तपासणी टाळत असेल तर त्याला हे सांगा.

पहिला कागद: एचपीएलसीचा रिपोर्ट

गावात किंवा शाळेत शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेतात, ती सोल्युबिलिटी चाचणी. नळीतलं द्रावण गढूळ झालं की ‘पॉझिटिव्ह’. या चाचणीतून रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. माणूस वाहक (जनुक आहे, पण आजार नाही) आहे की रुग्ण, हे कळत नाही. हल्ली काही ठिकाणी पट्टीवरची झटपट चाचणी वापरतात आणि तिच्यात हा फरक दिसतो, पण कागदोपत्री पुढे चालतो तो एचपीएलसीचा किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट. या दोन्ही तपासण्या रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवतात. उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुना जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जातो. रिपोर्ट आपोआप घरी येईल या भरवशावर राहू नका. नमुना दिल्याची तारीख लिहून ठेवा आणि आशाताईंकडे किंवा आरोग्य सेविकेकडे सारखा पाठपुरावा करा. तिथे हललं नाही तर जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा सिकलसेल समन्वयकाला भेटा. हे पद याच कामासाठी आहे.

रिपोर्टवर आपल्याकडे ‘पॅटर्न’ म्हणतात ते लिहिलेलं असतं. एए म्हणजे सामान्य. एएस म्हणजे वाहक. त्याच्या रक्तात साधारण ३५ ते ४० टक्के सिकल हिमोग्लोबिन असतं आणि उरलेलं बहुतेक सामान्य असतं. एसएस म्हणजे रुग्ण, दोन्ही पालकांकडून सिकलचं जनुक आलेला. चौथा प्रकार सिकल-बीटा थॅलेसेमिया: एका पालकाकडून सिकल, दुसऱ्याकडून थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचं जनुक. हाही रुग्णच, आणि त्याला त्याच सगळ्या सेवा मिळतात.

दोन ठिकाणी रिपोर्ट फसवतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं. आई वाहक किंवा रुग्ण असेल तर बाळाची एचपीएलसीच मागा. दुसरं, नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाच्या नमुन्यात दात्याचं हिमोग्लोबिन दिसतं आणि एसएसचा माणूस एएस वाटू शकतो. रक्त चढवल्यावर साधारण तीन महिने थांबून तपासणी करावी, किंवा आई-वडिलांची तपासणी करून अंदाज घ्यावा.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: रिपोर्टवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळू द्या. ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ यावरून दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज अडकतो. नमुना देतानाच आधार पुढे करा.

वाहकाला औषध लागत नाही, त्याला दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही आणि त्याने स्वतःला आजारी समजू नये. त्याच्यासाठी या रिपोर्टचा उपयोग लग्न ठरवताना आणि मूल होऊ देताना. त्याबद्दल पुढे. इथून पुढचं मुख्यतः एसएस आणि सिकल-थॅलेसेमियावाल्यांसाठी आहे.

गोळ्या: रोजच्या, दुखलं की घ्यायच्या नव्हेत

सरकारी दवाखान्यातून मिळणारं मुख्य औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. त्याने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं, पेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचं प्रमाण घटतं, दुखण्याचे झटके आणि रक्त चढवायची वेळ कमी होते. मात्रा वजनावर ठरते. वाढत्या वयाच्या मुलाचं वजन दर भेटीला झालंच पाहिजे, नाहीतर दोन वर्षांपूर्वीची मात्राच चालू राहते. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. पुष्कळ जण दुसऱ्या महिन्यातच ‘काही फरक नाही’ म्हणून सोडतात. त्याहून जास्त जण बरं वाटायला लागलं म्हणून सोडतात.

गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत दर दोन-चार आठवड्यांनी आणि मग दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशींची मोजणी करावी लागते, कारण औषधाने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट जास्तच उतरू शकतात. ही तपासणी ग्रामीण रुग्णालयात होते. तपासणी न करता सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम कोणी देत असेल तर ती सोय समजू नका. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा, गोळी काही काळ आधी थांबवावी लागते. हे नवरा आणि बायको दोघांनाही लागू आहे.

दुसरी गोळी फॉलिक ॲसिडची. इथे एक घोळ हमखास होतो. रक्त कमी आहे म्हणून शाळेत, अंगणवाडीत, गरोदरपणात लोहाच्या गोळ्या वाटतात. एसएसच्या रुग्णाचं रक्त लोह कमी पडल्यामुळे घटत नाही. त्याच्या पेशी लवकर फुटतात, म्हणून ते घटतं. त्या पेशींतलं लोह शरीरातच राहतं आणि रक्त चढवलं की त्यात भर पडते. लोह कमी असल्याचं तपासणीत दिसल्याशिवाय त्याला लोहाची गोळी देऊ नये. शाळेत शिक्षकांना हे लिहून द्या. वाहकाचं तसं नाही. त्याला लोहाची कमतरता असेल तर त्याने इतरांसारख्याच गोळ्या घ्याव्यात.

पाच वर्षांखालच्या एसएसच्या मुलाला रोज दोन वेळा पेनिसिलिन द्यायचं असतं, कारण पाणथरी (प्लीहा) लवकर निकामी होते आणि न्यूमोकोकस जंतूचा संसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो. न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. ही लस कुठल्याही कारणाने चुकू देऊ नका.

गोळ्यांचा साठा संपणं नेहमीचं आहे. म्हणून पंधरा दिवसांचा साठा उरला की जा, शेवटची गोळी खाऊन झाल्यावर नको. केंद्रात नसेल तर ग्रामीण रुग्णालय, तिथे नसेल तर जिल्हा रुग्णालयातलं सिकलसेल डे केअर केंद्र. ‘नाही’ हे उत्तर तोंडी घेऊन परत येऊ नका, केस पेपरवर ‘औषध उपलब्ध नाही’ असं तारखेसह लिहून घ्या. तो कागद समन्वयकाला दाखवला की काम पटकन होतं, असा अनुभव आहे.

दुखण्याचा झटका आणि धावपळीची वेळ

विदर्भात झटके दोन ऋतूंत जास्त दिसतात. एक मे महिन्यात, तेंदूपत्ता तोडायला पहाटे निघून उन्हात परतणाऱ्यांना, पाणी कमी पडल्यामुळे. दुसरा भाताच्या रोवणीत, दिवसभर थंड चिखलात वाकून उभं राहिल्यामुळे. कारण तेच: शरीरातलं पाणी कमी झालं, गारठा बसला किंवा दमणूक झाली की पेशी आकार बदलतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. रुग्णाने दिवसाला तीनेक लिटर पाणी प्यावं, उन्हात जायचं तर त्याहून जास्त. दुखऱ्या जागी बर्फ लावू नये, शेकावं. घरी पॅरासिटामॉल ठेवावं, आणि त्याच्या पुढच्या पायरीची गोळी कोणती हे डॉक्टरांकडून आधीच लिहून आणावं. मेडिकल दुकानातून मिळेल ते दुखण्याचं इंजेक्शन वारंवार घेतल्याने मूत्रपिंडावर ताण येतो, आणि या आजारात ते आधीच नाजूक असतं.

भगत, वैदूकडे कोणी जात असेल तर मी भांडायला जाणार नाही. फक्त रोजची गोळी त्यासाठी थांबवू नका आणि खाली लिहिलेली लक्षणं दिसली तर आधी दवाखाना.

लगेच १०८ला फोन करायचा तो यासाठी: १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, विशेषतः लहान मुलाला, छातीत दुखून श्वास लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक असह्य डोकेदुखी, मूल एकाएकी पांढरं फटक पडून पोटाची डावी बाजू फुगणं, लिंग दुखऱ्या अवस्थेत दोन तासांहून जास्त ताठ राहणं. शेवटचं लाजेखातर मुलं सांगत नाहीत. घरातल्या कोणीतरी, काका असो की मोठा भाऊ, त्याला आधीच सांगून ठेवावं.

पोटाची डावी बाजू फुगणं म्हणजे पाणथरीत एकदम रक्त साठणं. बाळाच्या डाव्या बरगडीखाली हात लावून पाणथरी कशी चाचपायची हे आरोग्य सेविका पाच मिनिटांत शिकवू शकते. प्रत्येक आईने ते शिकून घ्यावं. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचे हात-पाय सुजून ते रडत असेल तर तोही सिकलचाच पहिला झटका असू शकतो. मुरगळलं, मार लागला म्हणून चोळत बसू नका.

दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: ‘सिकलसेल एसएस आहे, झटका आहे, ही फाइल.’ चांगल्या ठिकाणी तासाभराच्या आत दुखण्यावर औषध सुरू होतं. गरज पडली तर मॉर्फीनसारखं औषधही देतात. त्याची सवय लागेल या भीतीने नकार देऊ नका. ‘हा नाटक करतो’ असं रुग्णाला ऐकवणारे भेटतात. सिकलच्या झटक्यात बाहेरून काही दिसत नाही, म्हणून फाइल बोलकी असावी लागते.

रक्त

प्रत्येक रुग्णाने आपलं नेहमीचं हिमोग्लोबिन किती असतं ते पाठ करावं. एसएसच्या पुष्कळ माणसांचं ते ७ ते ९च्या दरम्यान असतं आणि तेवढ्यावर ती कामधंदा करतात. नवख्या डॉक्टरला ७.५ दिसलं की तो लगेच पिशवी लावायला निघतो. नुसत्या दुखण्यासाठी रक्त चढवत नाहीत. नेहमीपेक्षा बरंच खाली उतरलं, पाणथरीत रक्त साठलं, छातीचा त्रास झाला, लकवा मारला किंवा मोठी शस्त्रक्रिया आली तर रक्त लागतं. विनाकारण चढवलेल्या प्रत्येक पिशवीने लोह साठतं आणि पुढे जुळणारं रक्त मिळणं अवघड होतं.

लागेल तेव्हा मात्र पैसे लागत नाहीत. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णाला सरकारीच नव्हे, खाजगी रक्तपेढीनेही प्रक्रिया शुल्क न घेता रक्त द्यायचं असतं. त्यासाठीचं ओळखपत्र जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीत करून घ्या, झटका येण्याआधी. बदली रक्तदाता आणा असं रक्तपेढी म्हणाली तर शांतपणे ओळखपत्र पुढे करा. तरी पैसे मागितले तर पावती घ्या आणि राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे किंवा १०४ क्रमांकावर तक्रार करा. पावतीशिवाय तक्रारीला जोर येत नाही.

कुठल्या दवाखान्यात काय

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केस पेपरसह सगळं मोफत आहे. नागपूरचं मेडिकल किंवा मेयो ही वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालयं, तिथे हा निर्णय आपोआप लागत नाही. तिथे भरती व्हायचं तर शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा. ही योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे, ओपीडीच्या औषधांना ती लागू नाही. या आजाराने खुब्याचं हाड सडलं आणि सांधा बदलायला सांगितला, तर आरोग्यमित्राला विचारल्याशिवाय खाजगीत पैसे भरू नका.

वर्षातून एकदा जिल्हा पातळीवर जाऊन पूर्ण तपासणी करावी: यकृत, मूत्रपिंड, लघवीतली प्रथिनं, वयाच्या दहाव्या वर्षानंतर डोळ्यांचा पडदा. २ ते १६ वयाच्या मुलांच्या मेंदूतल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी लकव्याचा धोका आधी सांगते. ती सगळीकडे होत नाही, पण जिथे होते तिथे पाठवा असं बालरोगतज्ज्ञांना सांगावं. शून्य ते अठरा वयातल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत येतं, संदर्भ चिठ्ठी त्यांच्याकडून घेता येते.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्यावर उघडणाऱ्या खिडक्या

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत आणि सिकलसेल त्यांत आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळाकडे होते. किती वेळा भरती झालात, किती पिशव्या लागल्या, कुठल्या अवयवाला इजा झाली यावरून टक्केवारी ठरते. म्हणून प्रत्येक डिस्चार्ज कार्ड जपा. ‘हरवलं’ म्हणणाऱ्याला मंडळ कमी टक्के देतं आणि त्यात मंडळाचा दोष नसतो, त्यांना कागदच दिसतो. ४० टक्के किंवा जास्त मिळाले तर पुढचे लाभ मिळतात. कमी मिळाले तर अपील करता येतं.

लाभांबद्दल गैरसमज बरेच आहेत. उच्च शिक्षणाच्या सरकारी आणि अनुदानित संस्थांमधलं ५ टक्के आरक्षण सिकलसेलवाल्यांना मिळतं, वयात पाच वर्षांची सूटही. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात मात्र रक्ताचे आजार येत नाहीत. कायद्यातल्या त्या यादीत त्यांचा समावेशच नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आज स्थिती अशी आहे. कोणी एजंट ‘सिकल कोट्यातून नोकरी लावतो’ म्हणाला तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज सेतू केंद्रातून तहसीलला जातो. दिव्यांगांसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ५०,००० रुपये आहे, शिवाय राज्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तलाठ्याचा अहवाल, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि दिव्यांग प्रमाणपत्र एकदमच जोडा. एसटीच्या साध्या बसमधल्या सवलतीसाठी सरकारी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, नुसता रिपोर्ट वाहकाला (म्हणजे कंडक्टरला, सिकलच्या नव्हे) दाखवून भागत नाही. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला स्लीपर आणि वातानुकूलित डब्यांत ५० टक्के सवलत आहे, तिचा फॉर्म रुग्णालयाच्या सहीशिक्क्यानिशी तिकीट खिडकीवर द्यायचा.

परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडे जातो, म्हणून दहावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच कागद शाळेत द्या. फेब्रुवारीत धावाधाव करून हाती काही लागत नाही.

लग्न आणि गरोदरपण

दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. ‘पहिलं एसएस झालं, आता तीन चांगली होतील’ असा हिशेब नसतो. दर वेळी नव्याने २५ टक्केच. एक एएस, दुसरा एसएस असेल तर ५० टक्के. एसएसच्या माणसाचं लग्न एएच्या माणसाशी झालं तर मुलं वाहक होतील, रुग्ण होणार नाहीत. म्हणजे रुग्णाने लग्नच करू नये हे म्हणणं चुकीचं आहे.

एक गोष्ट समुपदेशनात राहून जाते. समोरच्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह असली तरी तो थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो, ते त्या चाचणीत दिसतच नाही. म्हणून एक जण एएस किंवा एसएस असेल तर दुसऱ्याची एचपीएलसी करा.

दोन वाहकांचं लग्न आधीच झालं असेल, किंवा जाणूनबुजून करायचं असेल, तर गरोदर राहिल्या राहिल्या केंद्रात नाव नोंदवा. गर्भाच्या वारेचा नमुना घेऊन तपासणी साधारण १० ते १२व्या आठवड्यात होते, आणि या कारणासाठी गर्भतपासणी कायद्याने मान्य आहे. मुंबईत केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था हे काम करते. तिचंच हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्र चंद्रपूरला आहे. तिथे जायला आठवडे मोजून हाताशी असतात, म्हणून चौथ्या महिन्यात नाव नोंदवणाऱ्या जोडप्याची या तपासणीची वेळ हुकलेली असते. पुढे काय करायचं हा निर्णय त्या दोघांचा. सासूचा नाही, आशाताईंचाही नाही.

एसएसची बाई गरोदर असेल तर ती जोखमीची माता. बाळंतपण उपकेंद्रात नको, जिथे रक्तपेढी आहे अशा ठिकाणीच व्हावं. न्यायला-आणायला १०२ची गाडी मोफत असते.

स्थलांतरात

नंदुरबारहून ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाणाऱ्यांचा उपचार नेमका तिथे तुटतो. निघण्याआधी रक्ततपासणी करून डॉक्टरांशी बोला आणि दोन महिन्यांच्या गोळ्या मागा. फाइलचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा: एचपीएलसी, रक्तगट, नेहमीचं हिमोग्लोबिन, हायड्रॉक्सियुरियाची मात्रा, शेवटचं रक्त कधी चढवलं ते. गुजरातेतही राष्ट्रीय अभियान चालू आहे, तिथल्या प्राथमिक केंद्रात हे फोटो आणि आधार दाखवून गोळ्या मागता येतात. मुकादमाला आजाराचं नाव सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण टोळीतल्या एका तरी माणसाला कुठल्या लक्षणांसाठी १०८ला फोन करायचा हे सांगूनच निघा.